तुषोदकासाठी परसातील यव : लागवड आणि संधान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात ८४ आसवे सांगितली असून त्यांत सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक व धान्याम्ल हे ६ धान्यासव येतात. शार्ङ्गधरानुसार तुषोदक कच्च्या, भरडलेल्या यवांपासून, तर सौवीर निस्तुष व शिजविलेल्या यवांपासून सिद्ध होते. म्हणजेच तुषोदकाचा आधार, नावाप्रमाणेच, सतुष यव हा आहे.

नेमकी येथेच अडचण येते. बाजारात ‘बार्ली’ म्हणून मिळणारे दाणे बहुधा सोलून घासलेले असतात. त्यांना तूस नसते आणि अंकुर फुटण्याची शक्तीही उरलेली नसते. त्यांपासून केलेल्या संधानास तुषोदक म्हणणे शास्त्रसंमत नाही. पेरणीच्या बियाण्यावर कीटकनाशक चोळलेले असू शकते. म्हणून ते थेट औषधात वापरू नये. यास्तव वैद्याने परसात थोडे यव स्वतः पिकविणे हितावह ठरते.

लागवड : बी घेतल्यावर प्रथम १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवावेत. चार-पाच दिवसांत ८५ हून अधिक अंकुरले, तर बी उत्तम समजावे. नवरात्रात घटातील धान्याची उगवण आपण पाहतोच; ही परीक्षा त्याच जातीची आहे. कोल्हापूर परिसरात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करावी. उशीर झाल्यास फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा सुरकुततो. १० चौ.मी. वाफ्यास सुमारे १०० ग्रॅम बी पुरते. ओळींत २२ सें.मी. अंतर ठेवून ४ ते ५ सें.मी. खोल पेरावे. यव क्षार सहन करणारे पीक आहे. त्यामुळे शिरोळ भागातील खारावलेल्या जमिनीतही ते गव्हापेक्षा बरे तग धरते. मात्र साचलेले पाणी त्यास सोसत नाही. काळ्या भारी जमिनीत चर काढावा. पहिले पाणी पेरणीनंतर, पुढची पाणी फुटवे, फुलोरा व दाणा भरताना द्यावीत. मावा दिसल्यास विषारी फवारणी टाळून निंबोळी अर्क वापरावा. ११० ते १२० दिवसांत कणसे पिवळी होऊन कडक झाली की कापणी करावी. जमीन चांगली असल्यास या वाफ्यातून दोन किलोच्या आसपास धान्य मिळते. ते हलके झोडपावे, म्हणजे तूस टिकते.

संधान : बिअरसाठी यव भिजवून, अंकुरवून वाळवितात. अंकुरणात निर्माण होणारी विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात व यीस्ट त्या शर्करेचे मद्य करते. तुषोदकात यव न अंकुरविता भरडले जातात. त्यामुळे विकरे अल्प, मद्यांश कमी व अम्लता प्रधान असते. म्हणून तुषोदकास ‘बिअर’ समजणे चुकीचे आहे, आणि अंकुरित यव घालून त्यास मद्य बनविणे शास्त्र व कायदा या दोहोंना सोडून आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. औषध विक्रीसाठी करणाऱ्या फार्मसीचालकांनी औषध परवान्याच्या अटी पाळाव्यात.

ज्यांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही, अशा सीलिॲक रुग्णांना यवकल्प देऊ नयेत. यवातील प्रथिनेही त्यांना अपायकारक ठरतात.

एक वाफा फार मोठी गोष्ट नाही. परंतु पेरणीपासून पात्रापर्यंत द्रव्य स्वतः पाहिलेल्या वैद्यास त्याच्या गुणांविषयी जी खात्री वाटते, ती विकतच्या पाकिटातून मिळत नाही.