उन्हाने भाजलेली त्वचा

ओडिशातील पुरीच्या समुद्रकिनाऱ्यावर स्नानार्थी यात्रेकरूंना लाटांमध्ये सांभाळून नेणारे नुलिया कोळी डोक्यावर उंच, निमुळती टोपी घालतात. ज्यांचे आयुष्यच किनाऱ्यावर जाते ते उन्हाचा मान राखतात. चार दिवसांच्या सुट्टीसाठी आलेला पाहुणा मात्र भर दुपारी तासन् तास पाण्यात डुंबतो, वाळूत पहुडतो आणि रात्री खांद्याला अंथरूणाचा स्पर्शही सहन होईनासा झाला म्हणजे आपले काय चुकले याचा विचार करू लागतो.

त्याची फसगत होणे स्वाभाविक आहे. आपल्याला जाणवते ती सूर्याची उष्णता; त्वचा भाजते ती मुख्यतः जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांमुळे. योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने 1801 साली शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत. समुद्रावरचा वारा उष्णता हरण करतो, परंतु या किरणांना अडवू शकत नाही. विरळ ढगांतून त्यांचा बराच मोठा भाग खाली पोहोचतो. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के, तर लाटांचा फेस सुमारे 25 टक्के किरण परावर्तित करतो. त्यामुळे छत्रीच्या सावलीत बसलेला मनुष्यही पूर्णतः सुरक्षित नसतो.

हे किरण बाह्यत्वचेतील पेशींच्या डीएनएला इजा करतात. इजा झालेल्या पेशींतून जी रासायनिक द्रव्ये बाहेर पडतात त्यांच्यामुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. त्वचा लाल, गरम व हुळहुळी होते. या क्रियेला वेळ लागतो. लाली साधारणतः 3 ते 5 तासांनी दिसू लागते व 12 ते 24 तासांत तिचा जोर सर्वाधिक होतो. म्हणून संध्याकाळी फारसे काही दिसत नाही, एवढ्यावरून निश्चिंत होणे योग्य नव्हे. सावळ्या वर्णास ऊन बाधत नाही, हा समजही खरा नाही. अशा त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य काही प्रमाणात संरक्षण देते. पण दाह झालाच तर लाली सहज दिसत नाही आणि आग, ताण व वेदना हीच त्याची लक्षणे ठरतात.

उपचार

पहिला उपाय म्हणजे तत्काळ सावलीत किंवा घरात जाणे. त्यानंतर थंड पाण्याने स्नान करावे अथवा ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात. बर्फ मात्र त्वचेवर थेट लावू नये. आधीच दुखावलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते. अंग हलकेच टिपून घ्यावे व कोरफडीचा गर असलेले किंवा साधे, सुगंधविरहित मलम लावावे. तूप, लोणी, टूथपेस्ट असे घरगुती लेप टाळणेच बरे. फोड आल्यास ते फोडू नयेत, कारण त्यांवरील पातळ आवरण हे आतल्या कोवळ्या त्वचेचे संरक्षण असते. सैल सुती कपडे घालावेत व पाणी भरपूर प्यावे. वेदना असह्य झाल्यास प्रौढांनी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेण्यास हरकत नाही. काही दिवसांनी साल सुटू लागते. ती ओढून काढू नये. मृत पेशी टाकून देऊन त्वचा स्वतःला नवी करीत असते.

धोक्याची लक्षणे

उन्हाचा परिणाम त्वचेपुरताच राहतो असे नाही. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, भोवळ आणि अतिशय घाम ही लक्षणे दिसल्यास रोग्याला थंड जागी निजवावे, पाय किंचित उंच ठेवावेत आणि जलसंजीवनी घोटघोट पाजावी. परंतु तो असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली व अंग फणफणले, तर तो उष्माघात समजावा. यात शरीराचे तापमान 40 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक होते आणि जीवास धोका असतो. अंगावर पाणी ओतून वारा घालीत त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्यास तोंडाने काहीही देऊ नये, आणि तापाच्या गोळ्यांवर विसंबून राहू नये. शरीराच्या मोठ्या भागावर फोड येणे, ताप व थंडी भरणे, किंवा तान्ह्या मुलाची त्वचा भाजणे, या प्रसंगीही वैद्यकीय सल्ला आवश्यक होय.

आग शमली म्हणजे सारे संपले असे मात्र नाही. पेशी आपल्या डीएनएची बरीचशी दुरुस्ती करतात. जी इजा शिल्लक राहते ती वर्षानुवर्षे साठत जाऊन त्वचेला अकाली सुरकुत्या आणते व कर्करोगाचा संभव वाढविते. म्हणून सुट्टीचे उरलेले दिवस समुद्राकडे पाठ फिरवून काढण्याचे कारण नसले, तरी भाजलेली त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत ती झाकून ठेवावी आणि पाण्यात उतरायचे ते सकाळी लवकर वा दिवस कलल्यावर. नुलियाच्या टोपीचा धडा एवढाच आहे.