हँडलर बांधण्याआधी

जेक्वेरीवर चालणारं जुनं काम तुझ्याकडे आलंय, तर एवढं मनाशी पक्कं कर.

हँडलर बसतो तो हजर एलिमेंटवर. त्या क्षणी सिलेक्टरला जे सापडेल, त्यावरच. काहीच सापडलं नाही तर जेक्वेरी एररही देत नाही. म्हणून बटण दाबून काही घडत नसेल, तर आधी ‘लेंग्थ’ बघ. ती शून्य असेल, तर फंक्शन उकरत बसू नकोस. पान तयार होण्याआधीच कोड चाललाय का, ते तपास.

नंतर येणाऱ्यांसाठी पालकाला धर. यादीत अजॅक्सने नव्या ओळी येणार असतील, तर यादीवरच एकदा ‘ऑन’ लाव: आधी इव्हेंट, मग ओळीचा सिलेक्टर, मग फंक्शन. ओळीवरचा क्लिक वर चढत यादीपर्यंत येतो आणि तिथे पकडला जातो. पालक जवळचा निवड. सगळं डॉक्युमेंटवर टांगलंस, तर मधे कुणी इव्हेंट अडवला की तो पोचतच नाही. जुनं ‘लाइव्ह’ इथेच अडायचं. २०११ साली १.७ आवृत्तीत ‘ऑन’ आलं आणि १.९ मध्ये ‘लाइव्ह’ काढून टाकलं गेलं.

फंक्शनचं नाव दे, पुढे कंस नको. कंस दिलास की ते तिथल्या तिथे चालतं, क्लिकची वाट बघत नाही.

काढायची सोय लावतानाच कर. तोच हँडलर दोनदा लावला, तर दोनदा चालतो. पॉपअप उघडताना दर वेळी लावलास, तर तिसऱ्या वेळी एका क्लिकला तीन ऑर्डरी जातील. इव्हेंटला आडनाव दे, ‘क्लिक.कार्ट’ असं. मग ‘ऑफ’ला नुसतं ‘.कार्ट’ सांगितलं की तेवढेच हँडलर निघतात, बाकीच्यांच्या कामाला धक्का लागत नाही.

‘रिटर्न फॉल्स’ सवयीने लिहू नकोस. जेक्वेरीच्या हँडलरमध्ये ते लिंक उघडणंही थांबवतं आणि इव्हेंटचं वर चढणंही. फक्त लिंक थांबवायची असेल, तर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ पुरे.

‘धिस’ हवा असेल, तिथे अ‍ॅरो फंक्शन नको. त्याला स्वतःचा ‘धिस’ नसतो. अ‍ॅरोच हवं असेल, तर इव्हेंटचं ‘करंट टार्गेट’ वापर.

काम झालं म्हणण्याआधी नवी ओळ आणून तिच्यावर क्लिक कर, पॉपअप दोनदा उघडबंद करून मग बटण दाब. वापरणाऱ्यांच्या हातून हेच होणार असतं. ते आधी आपल्या हातून झालेलं बरं.