मध्यरात्रीचा मित्र आणि बंद पडलेला फ्रिज

शास्त्रपाठ : लूक ११:५-८, २ राजे ४:१-७

सणासुदीला घरातली वस्तू बिघडायला मुहूर्त कसा सापडतो कोण जाणे! आम्ही उज्जैनला फ्रीगंजात राहात होतो तेव्हाची ही गोष्ट. २४ डिसेंबरच्या दुपारी आमचा फ्रिज बंद पडला. आत मटण, खिरीचे दूध, लोणी, आणि दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर जेवायला यायची पंधरा माणसे! मिस्त्री आला. कॉम्प्रेसर टक्‌ करून थांबतो आहे, रिले बदलावा लागेल, एवढे सांगून तो म्हणाला, "अब छब्बीस को ही होगा, साहब."

थंडी आहे, गच्चीवर ठेवू, असे आम्हांला आधी वाटले. पण डिसेंबरात उज्जैनचा पारा रात्री साधारण १० अंशांपर्यंत उतरतो, दुपारी २५ च्या आसपास असतो. दूध-मटण टिकायला ५ अंशांखालचा गारवा लागतो. दार मिटलेले ठेवले तर बंद फ्रिजही सुमारे ४ तास गार राहतो. आम्ही मात्र काळजीपोटी घडोघडी दार उघडून पाहात होतो!

मंडळीतल्या एका कुटुंबाने मटण ठेवून घेतले. त्यांचा फ्रिज लहान, त्यात आणखी काही मावेना. उरले दूध आणि लोणी. शेजारच्या काकूंकडे मोठा फ्रिज होता. पाच वर्षे आम्ही त्यांना नाताळचा फराळ पाठवीत होतो, पण त्यांच्याजवळ कधी काडेपेटीही मागितली नव्हती. त्यांचे घर सोवळ्याचे, काय म्हणतील? असा तासभर घोळ घातला.

आता शास्त्रपाठाकडे वळू. मध्यरात्री पाहुणा आला आणि घरात भाकर नाही. यजमान शेजाऱ्याचे दार ठोठावतो, तीन भाकरी मागतो. आपण येथे चिकाटीचा धडा घेतो. परंतु आठव्या वचनातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निर्लज्जपणा' असा आहे. भीड सोडून मागणे! अलीशाही विधवेला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. आम्ही हे दोन्ही पाठ मुलांना अनेकदा शिकविले होते. द्यायला आम्हांला आवडत असे. मागायला कमीपणा वाटे. त्याला आम्ही संकोच म्हणत होतो. खरे तर तो ताठाच होता.

शेवटी गेलो. "मटण आणणार नाही हं," असे आम्ही दारातच सांगून टाकले. काकू हसल्या. "ते ठाऊक आहे मला. पण एवढं सांगायला संध्याकाळ केलीत?" त्यांनी एक कप्पा रिकामा केला.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना एवढेच विचारावे : तुमच्या घरी शेजाऱ्यांकडून शेवटची वस्तू कधी आणि कोणती मागून आणली? उत्तरे ऐकण्यासारखी असतात. 'आम्ही कोणाकडे काही मागत नाही' असे एखादे मूल अभिमानाने सांगते, तेथे थोडे थांबावे.

२६ ला फ्रिज सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात काकूंकडे मुंज निघाली. त्या स्वतः आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या दोन खोल्या चार रात्री पाहुण्यांना लागतील. विचारू की नको, असं आठवडाभर चाललं होतं माझं."