एका मनुष्याचीं अनेक नांवें

प्रत्येक मनुष्य एकाच वेळीं अनेक गटांत मोडतो. तो पुरुष असतो किंवा स्त्री, तरुण किंवा वृद्ध, शिवाय अमक्या जातीचा व अमक्या धंद्याचा. ह्या नांवांवरून आपण त्याजविषयीं मत बांधितों. तें कोठें चुकतें, हें ह्या पाठांत पाहूं.

१. एक नांव दुसऱ्याचा अर्थ पालटितें. सन १९४६ त सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एकांत विद्यार्थ्यांच्या दोन गटांस एका मनुष्याचे सात गुण वाचून दाखविले होते. सहा गुण तेच. सातवा मात्र एका गटास ‘प्रेमळ’ व दुसऱ्यास ‘कोरडा’ असा सांगितला. पहिल्या गटांतील बहुतेकांस तो मनुष्य उदार वाटला, दुसऱ्यांतील फारच थोड्यांस. जातीच्या नांवांचेंहि असेंच आहे. ‘विद्वान ब्राह्मण’ म्हटल्यास पूर्वीं कोणी चकित होत नसे. ‘विद्वान मांग’ म्हटल्यास होत असे, आणि ‘विद्वान मांग मुलगी’ म्हटल्यास तर विश्वासच बसत नसे. हा अचंबा त्या मुलीविषयीं कांहीं सांगत नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांतील साच्याविषयीं सांगतो.

२. नांवें एकत्र आलीं म्हणजे दुःखहि निराळें होतें. पुण्यास फुले दांपत्याच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. घरावर छप्पर नसल्यामुळें बाळंतिणींचे थंडीपावसांत हाल होतात, असें तिनें लिहिलें. पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत उच्चवर्णीय स्त्रीचे बालविवाह व वैधव्य हे क्लेश मांडिले. दोन्हीं दुःखें स्त्रियांचींच, पण एक नव्हेत. ‘मांग’ म्हणतांच ज्याच्या डोळ्यांपुढें पुरुषच येतो, आणि ‘स्त्री’ म्हणतांच वाड्यांतील विधवाच येते, त्यास मांग बाळंतीण दिसतच नाहीं. मग तिला मदत कोण करणार? अमेरिकेंतील कृष्णवर्णी स्त्रियांविषयीं न्यायालयांत असेंच घडतें, हें किंबर्ले क्रेन्शॉ ह्या कायदेपंडितेनें १९८९ सालीं दाखवून दिलें.

ह्यास्तव कोणाविषयीं बोलण्यापूर्वीं त्याचें एकच नांव धरून बसूं नये. त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी.

विचारावयाचे प्रश्न : आपल्या गांवांतील कोणाचें शहाणपण पाहून आपणांस नवल वाटतें, व कां? गांवच्या बैठकींत कोणाचें दुःख कोणत्याच नांवाखालीं येत नाहीं?