आपली खिचडी आणि सर्वोच्च न्यायालय



सर्वोच्च न्यायालय दिल्लीत आहे, न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात, एवढे आपण पाठ करतो. पण दुपारच्या सुट्टीत ताटात पडणाऱ्या खिचडीचा त्या न्यायालयाशी संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने शाळेत जेवण देण्याची योजना काढली. पण बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळेना. महिन्याला ३ किलो धान्य घरी न्यायचे, तेही हजेरी ८० टक्के भरली तर! आता घरी नेलेला तांदूळ सगळ्यांच्याच पातेल्यात जातो. पोराच्या वाट्याला किती येणार? आईला विचारा. तमिळनाडूत मात्र १९८२ पासून शाळेतच गरम जेवण मिळत होते.

२००१ साली राजस्थानात दुष्काळाने माणसे उपाशी आणि सरकारी गोदामांत धान्य सडतेय, असा प्रकार होता. मला तर हे वाचून रागच आला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणे साधे होते. घटनेच्या २१ व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला आहे. पोटात अन्न नसेल तर माणूस जगणार कसा? असा अर्ज थेट तिथे करता येतो तो ३२ व्या कलमामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कलमाला घटनेचा आत्मा मानीत.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी हुकूम झाला. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलेच जेवण द्या. त्यात निदान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने हवीत. वर्षातून निदान २०० दिवस. सगळ्या राज्यांनी लगेच ऐकले असे नाही. लक्ष ठेवायला न्यायालयाला आयुक्त नेमावे लागले.

२० एप्रिल २००४ च्या हुकुमात आणखी एक गोष्ट आली. स्वयंपाकाच्या कामावर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आधी घ्या. मला हीच सर्वांत मोठी वाटते. एका पंगतीत बसणे निराळे आणि कोणाच्या हातचे खातो ते निराळे. देशात काही ठिकाणी यावरून पालकांनी मुलांना जेवूच दिले नाही!

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतचे जेवण हा मुलांचा हक्क झाला. २०१५ चा नियम असा, की वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखायचे, त्यांत एक शिक्षक पाहिजेच. पालकहो, आज शाळेत आलाच आहात, तर एक घास चाखून जा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी