रिक्त जागांचे नगर : 'लांखमार' या खेळ-आधारग्रंथाची संहिता

अद्भुत वाङ्मयातील कल्पित नगरांचा विचार समीक्षेत सहसा कथा-कादंबऱ्यांच्या आधारे केला जातो. मात्र ज्या ग्रंथात कथानक नाही, नायकाचा प्रवास नाही. गल्ल्या, खानावळी, मंदिरे, व्यावसायिक संघ आणि खेळाचे नियम यांचीच नोंद आहे, त्या ग्रंथाला वाङ्मयीन संहिता म्हणता येईल काय, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. टीएसआर या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला 'लांखमार : सिटी ऑफ ॲडव्हेंचर' हा ग्रंथ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ब्रूस नेस्मिथ, डग्लस नाइल्स आणि केन रोल्स्टन हे त्याचे कर्ते होत.

ज्या खेळासाठी हा ग्रंथ सिद्ध झाला, त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण सूत्रधार होऊन त्या पात्रांपुढे जग उभे करतो. पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवतो. ते साधले की नाही, हे पुष्कळदा फासे ठरवतात. सूत्रधाराला जगाची सामग्री पुरवणारे पुस्तक म्हणजे 'सोर्सबुक', अर्थात आधारग्रंथ.

लांखमार हे नगर मुळात फ्रिट्झ लायबर (१९१०–१९९२) यांच्या कथांतील. फाफर्ड हा उत्तरेकडचा धिप्पाड योद्धा आणि ग्रे माउसर हा चपळ, बुटका चोर यांच्या या कथामालेतील पहिली कथा १९३९ मध्ये 'अननोन' मासिकात आली. या जोडीची मूळ कल्पना लायबर यांचे मित्र हॅरी फिशर यांची. या दोघा मित्रांनी १९३७ मध्येच लांखमारवर पटावरचा एक खेळ रचला होता, आणि त्याचे सुलभ रूप टीएसआरने १९७६ मध्ये बाजारात आणले. म्हणजे हे नगर पटावर मांडले गेले, मग छापील कथेत आले आणि अखेरीस पुन्हा खेळात परतले. साहित्यकृतीवरून खेळ बेतला गेला, अशी सरळ मांडणी येथे पुरी पडत नाही.

लायबर यांच्या कथा जवळपास पन्नास वर्षे लिहिल्या जात होत्या. कथेला गरज पडेल तेव्हा एखादी गल्ली, एखादे मद्यगृह प्रकट होई. एरवी नगर धुक्यातच राही. आधारग्रंथाला हे धुके परवडत नाही. खेळाडू कोणत्या कोपऱ्यावर वळेल याचा नेम नसतो. त्यामुळे कर्त्यांना विखुरलेले उल्लेख गोळा करून, त्यांचा मेळ घालून नकाशा काढावा लागतो. हे काम वस्तुतः भाष्यकाराचे आहे, आणि भाष्यकाराचे सर्व मोह त्यात आहेत.

तथापि या ग्रंथातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचा अपुरा नकाशा. मुख्य रस्ते आणि इमारती रेखाटून मधले कित्येक भाग कोरे सोडले आहेत. वस्त्यांचे सुटे आराखडे ग्रंथात वेगळे दिले असून कोणता आराखडा कोठे बसवायचा, हे सूत्रधाराने ठरवायचे आहे. एका घरातील लांखमार दुसऱ्या घरातील लांखमारसारखे राहू नये, अशी ही योजना.

वोल्फगांग ईझर यांनी वाचनप्रक्रियेच्या विवेचनात संहितेतील 'रिक्त जागां'ना मध्यवर्ती स्थान दिले; त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ चा. येथे ती संकल्पना अक्षरशः कागदावर छापलेली आढळते. पण साम्य फार ताणू नये. कादंबरीचा वाचक रिक्त जागा मनात भरतो. त्याचे भरणे दुसऱ्यावर बंधनकारक नसते. सूत्रधार मात्र कोऱ्या जागी वस्ती बसवतो, तिचे वर्णन उच्चारतो आणि त्या क्षणापासून ती वस्ती टेबलाभोवतीच्या सर्वांसाठी सत्य ठरते. अर्थनिर्णयन येथे खाजगी राहत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या संदर्भात महानुभावांची 'स्थानपोथी' आठवणे स्वाभाविक आहे. तीही आधी घडलेल्या लीळांवरून स्थळांची नोंद करते. भेद हेतूचा आहे, आणि तो मोठा आहे. स्थानपोथीतील ओटा वा देऊळ पवित्र ठरते ते तेथे काही घडून गेले म्हणून. आधारग्रंथातील गल्ली महत्त्वाची ठरते ती तेथे अजून काही घडलेले नाही म्हणून.

ग्रंथाची मर्यादा दिसते ती लायबर यांच्या उपरोधाच्या बाबतीत. १९५९ च्या 'लीन टाइम्स इन लांखमार' या कथेत देवांचा एक रस्ता आहे. नवा देव दलदलीकडील वेशीपाशी, रस्त्याच्या दरिद्री टोकाला आरंभ करतो. भक्त वाढले की त्याचा पुजारी ह्लाल नदीच्या दिशेने पुढे सरकतो, ओसरले की मागे ढकलला जातो. या पुजाऱ्यांकडून खंडणी वसूल करणाऱ्या गुंडाच्या पदरी माउसर नोकरीला आहे, तर फाफर्ड एका उपेक्षित देवाचा सेवक झाला आहे. श्रद्धेच्या बाजारपेठेवरचे हे मर्मभेदी भाष्य आहे. आधारग्रंथात तोच रस्ता स्थळनोंद होऊन येतो. माहिती शाबूत राहते, पण ती सांगणारा मिस्कील आवाज लोपतो. आणि लायबर यांच्या कथेत तो आवाजच मुख्य आहे.

आकड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. टीएसआरच्याच १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात लांखमारच्या देवांना आणि दोन्ही नायकांना अंकांत बसवले गेले होते : बळ किती, चापल्य किती, किती आघात सोसतील. खेळाला हे हवेच असते. संख्या नसेल तर फासे कशाशी ताडावेत? पण १९६८ च्या 'द स्वोर्ड्स ऑफ लांखमार' या कादंबरीत काळे वस्त्र पांघरलेले नगराचे जुने, अस्थिरूप देव उंदरांच्या आक्रमणाविरुद्ध जागे होतात, तेव्हा त्यांचे भय त्यांच्या अमापपणात असते. स्वतः नगरवासीही त्यांना जागे करू धजत नाहीत. नकाशावर कोरी जागा सोडण्याचे जे शहाणपण १९८५ च्या कर्त्यांनी दाखवले, ते या देवांच्या वाट्याला पाच वर्षांपूर्वी आले नव्हते.