परीक्षण, मूल्यमापन आणि संशोधन

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली व लाखो लोकांनी शहर सोडले. अशा प्रसंगी तीन प्रश्नांची गल्लत होता कामा नये. प्रत्येक रुग्णास टेट्रासायक्लिन ठरलेल्या मात्रेत व वेळेवर मिळाले काय, हे निकषाशी ताडून पाहणे म्हणजे वैद्यकीय परीक्षण. दवाखान्याची सेवा लोकांपर्यंत कितपत पोचली, हे जोखणे म्हणजे सेवा-मूल्यमापन. रोग खरोखर प्लेगच होता काय, या वादाचा पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीने निर्णय लागला, ते संशोधन. पहिल्या दोहोंनी तेथील सेवा सुधारते, तिसऱ्याने सर्वत्र उपयोगी ज्ञान मिळते. मात्र संशोधनास नीतिविषयक समितीची मान्यता व सामान्यतः रुग्णाची संमती लागते. त्यास परीक्षणाचे नाव दिल्यास रुग्णाचा हक्कच डावलला जातो.